वाऱ्याचा हिशेब

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर टे नदी समुद्राला मिळते, तेथे तिचे पात्र जवळजवळ दोन मैल रुंद होते. २८ डिसेंबर १८७९ च्या रविवारी संध्याकाळी या पात्रावर प्रचंड वादळ घोंगावत होते. उत्तर काठावरील डंडी शहरात घरांची धुराडी कोसळत होती. नदीवरचा नवा रेल्वे पूल उभा राहून दोन वर्षेच झाली होती आणि वारा त्याला जवळजवळ काटकोनात भिडत होता. सव्वासातच्या सुमारास दक्षिणेकडून आलेली प्रवासी गाडी पुलावर चढली. दक्षिण टोकाच्या सिग्नल केबिनमधून तिचे लाल दिवे लांब जाताना दिसले, चाकांखालून ठिणग्या उडताना दिसल्या, एक प्रखर चमक दिसली आणि पुढे सारा अंधार झाला. गाडी डंडीला पोचली नाही. डंडी स्थानकातून दोन कर्मचारी वाऱ्याशी झुंजत, प्रसंगी ओणवे होऊन सरपटत पुलावर गेले. रूळ संपले, तेथे फुटलेल्या नळातून पाण्याचा फवारा उडत होता आणि पलीकडे पूल नव्हता. मधले तेरा उंच गाळे गाडीसह नदीत गेले होते. एकही प्रवासी वाचला नाही. मृतांचा आकडा त्या काळी पंचाहत्तर मानला गेला. पुढील संशोधनात साठाच्या आसपास नावे निश्चित झाली. मृतदेह सापडले ते शेहेचाळीस.

या पुलाचा अभियंता होता सर थॉमस बाऊच. अपघाताच्या सहाच महिने आधी याच पुलासाठी त्याला राणी व्हिक्टोरियाकडून सरदारकी मिळाली होती. अपघातानंतर दहा महिन्यांतच तो मरण पावला. त्याच्या आयुष्याची कहाणी गर्वहरणाची गोष्ट म्हणून अनेकदा सांगितली जाते. मात्र ती नीट पाहिली, तर अतिवृष्टीत, भूकंपात वा वादळात पूल का पडतात, या प्रश्नाचे उत्तरही तिच्यात सापडते, आणि ते केवळ निसर्गाच्या प्रकोपाकडे बोट दाखवणारे नाही.

बाऊचचा जन्म २५ फेब्रुवारी १८२२ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील कंबरलँड परगण्यातल्या थर्झबी या गावी झाला. वडील जहाजाचे निवृत्त कप्तान होते. सतराव्या वर्षी तो एका रेल्वे अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. त्या काळी अभियांत्रिकीचे शिक्षण महाविद्यालयात कमी आणि कामाच्या जागी अधिक होत असे. लँकेस्टर ते कार्लाइल हा मार्ग, मग स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे असा अनुभव घेत वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १८४९ मध्ये, तो एडिंबरो अँड नॉर्दर्न रेल्वेचा व्यवस्थापक आणि अभियंता झाला.

या रेल्वेपुढे एक विचित्र अडचण होती. एडिंबरोहून डंडीकडे जाताना वाटेत फोर्थ आणि टे या दोन नद्यांची विस्तीर्ण मुखे आडवी येत. प्रवासी नावेने पलीकडे जात. मालाचा मात्र डब्यातून उतरवा, नावेत चढवा, पुन्हा उतरवा असा खटाटोप चाले. बाऊचने मालडबे रुळांवरून थेट जहाजात उतरवण्याची योजना आखली. भरती-ओहोटीनुसार वरखाली होणारा सरकता उतार आणि डेकवर रूळ असलेले जहाज यांच्या साह्याने १८५० मध्ये फोर्थच्या मुखावर ही सेवा सुरू झाली. जगातील पहिली रेल्वे-फेरी म्हणून तिचा उल्लेख होतो. ती सोपी, स्वस्त आणि यशस्वी होती. मात्र वादळात ती बंद पडे आणि प्रवाशांचे हाल व्हायचे ते होतच. या दोन्ही नद्यांवर पूल बांधण्याचा ध्यास बाऊचने घेतला तो येथूनच.

पुढे त्याने एडिंबरोत स्वतंत्र व्यवसाय थाटला. स्कॉटलंडमधील लहान गावांना रेल्वे हवी होती, पण गाठीशी पैसा थोडा होता. अशा गावांना परवडेल एवढ्या खर्चात मार्ग बांधून देणारा अभियंता म्हणून बाऊचचे नाव झाले. सेंट अँड्रूज, लेव्हन, पीबल्स यांसारख्या ठिकाणी लोहमार्ग पोचले ते या काटकसरीमुळे. काटकसर म्हणजे निकृष्टपणा नव्हे, हे त्याच्याच कामातून दिसत होते. १८६० मध्ये त्याने उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात बांधलेला बेला नदीवरचा लोखंडी पूल १९६ फूट उंच होता. त्याच्या मनोऱ्यांचे पाय खाली रुंद पसरलेले होते आणि सांधे यंत्रावर घासून एकमेकांत घट्ट बसवलेले होते. हा पूल शंभर वर्षे टिकला आणि मार्ग बंद झाल्यावर १९६३ मध्ये तो पाडावा लागला. वाऱ्याला तोंड देणारा पूल कसा बांधावा, हे बाऊचला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. म्हणूनच टे नदीवर जे घडले ते अधिक विचार करायला लावते.

टे पुलाला १८७० मध्ये संसदेची मंजुरी मिळाली आणि २२ जुलै १८७१ रोजी पायाभरणी झाली. कंत्राट २ लाख १७ हजार पौंडांचे होते. जवळजवळ दोन मैलांचा, पंचाऐंशी गाळ्यांचा हा पूल पूर्ण होईल तेव्हा नदीवरचा जगातील सर्वांत लांब पूल ठरणार होता. मध्यभागी जहाजांना वाट हवी म्हणून तेरा गाळे उंच ठेवायचे होते. भरतीच्या पाण्यापासून त्यांच्याखाली ८८ फूट मोकळी जागा राहणार होती. इतरत्र गाडी तुळयांच्या माथ्यावरून धावणार होती, तर या गाळ्यांत ती तुळयांच्या जाळीदार पिंजऱ्यातून जाणार होती. वाऱ्याला भिडणारा सर्वांत मोठा पृष्ठभाग अशा रीतीने सर्वांत उंच जागी आला.

मूळ आराखड्यात विटांचे जड खांब होते. नदीच्या तळाचे छेद घेतले गेले, तेव्हा फारशा खोलीवर नसलेला भक्कम खडक लागल्याचे सांगण्यात आले. काम पुढे सरकले तसे कळले की, तो खडक नसून खडी आणि दगडगोट्यांचा घट्ट झालेला थर आहे आणि त्याखाली भुसभुशीत माती आहे. एवढा भार हा तळ पेलणार नव्हता. बाऊचने आराखडा बदलला. पाण्याच्या पातळीच्या थोडे वरपर्यंत दगडी-विटांचा पाया आणि त्यावर ओतीव लोखंडाच्या सहा पोकळ नळखांबांचा मनोरा, अशी नवी रचना ठरली. खांबांची संख्या कमी व्हावी म्हणून मोठे गाळे २०० फुटांऐवजी २४५ फुटांचे झाले. वजन कमी झाले, पैसाही वाचला. पण जड खांब केवळ आपल्या वजनाने वाऱ्याला दाद देत नाही. हलक्या मनोऱ्याला तो आधार नसतो. त्याची सारी भिस्त खांबांना एकमेकांशी जखडणाऱ्या तिरप्या पट्ट्यांवर असते. बेलासारखे रुंद पसरलेले पाय येथे नव्हते; पायाच्या अरुंद बैठकीवर ते बसणारही नव्हते.

हे खांब नदीच्या दक्षिण काठावरील वर्मिट येथे खास उभारलेल्या ओतशाळेत ओतले गेले. मूळ कंत्राटदार मरण पावल्याने काम दुसऱ्या कंपनीकडे गेले होते. बाऊचकडे एकाच वेळी अनेक कामे होती. ओतकामाची देखरेख त्याने कंत्राटदाराच्या माणसांवरच सोपवल्यासारखी होती. ओतलेल्या खांबांत हवेच्या पोकळ्या राहत; मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांचे मिश्रण भरून त्या बुजवल्या जात आणि वरून रंग दिला की काही दिसत नसे. तिरप्या पट्ट्या अडकवण्यासाठी खांबांना जे कान होते, तेही खांबासोबतच ओतलेले होते. त्यांतील भोके यंत्रावर पाडलेली नव्हती. ओततानाच ठेवलेली ही भोके एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळती होती. परिणामी त्यांतून जाणारा बोल्ट भोकाच्या पूर्ण लांबीवर न टेकता एका कडेवरच टेके, आणि सारा ताण त्या कडेवर एकवटे. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते. ताण आला की ते वाकत नाही, तुटते.

वारा किती जोराने पुलावर आदळेल, हा प्रश्न मग कोणी विचारलाच नव्हता काय? तो विचारला गेला होता, पण दुसऱ्या पुलासाठी. फोर्थ नदीवरील आपल्या नियोजित झुलत्या पुलासंदर्भात १८७३ मध्ये राजखगोलशास्त्रज्ञ सर जॉर्ज एअरी यांचे मत घेण्यात आले. लहान जागेवर क्षणभर दर चौरस फुटाला ४० पौंडांपर्यंत दाब येऊ शकतो, मात्र एवढ्या मोठ्या पुलाच्या संपूर्ण लांबीवर तो १० पौंडांहून अधिक धरण्याचे कारण नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच काळात फ्रान्समध्ये ५५ आणि अमेरिकेत ५० पौंड दाब गृहीत धरण्याची पद्धत होती. ब्रिटनमध्ये तसा कोणताही सरकारी नियम नव्हता. पुलाच्या स्वतःच्या मजबुतीत वाऱ्याचा भार सहज सामावेल, अशी समजूत अनेक अभियंत्यांची होती. टे पुलासाठी बाऊचने वाऱ्याचा वेगळा हिशेब केलाच नाही.

निसर्गाने एक सूचना आधीच देऊन ठेवली होती. फेब्रुवारी १८७७ मध्ये वादळाने उंच गाळ्यांपैकी दोन तुळया, बसवण्याचे काम चालू असतानाच, नदीत पाडल्या. त्यांपैकी एक दुरुस्त करून पुन्हा वापरण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात पहिले इंजिन पुलावरून धावले. फेब्रुवारी १८७८ मध्ये सरकारी निरीक्षक मेजर जनरल हचिन्सन यांनी तीन दिवस तपासणी केली. जड इंजिने एकामागून एक जोडून पुलावर नेण्यात आली आणि पूल उभ्या भाराला पुरेपूर उतरला. निरीक्षकांनी ताशी २५ मैलांची वेगमर्यादा सुचवली आणि जोराचा वारा असताना गाडी जाते वेळी पुलावर काय परिणाम होतो, हे आपण पुन्हा येऊन पाहू इच्छितो, असेही नोंदवले. पुढे ते आजारी पडले आणि ती पाहणी राहून गेली.

१ जून १८७८ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पुढच्या वर्षी जूनमध्ये राणी व्हिक्टोरियाची गाडी या पुलावरून गेली आणि त्याच महिन्यात बाऊच सर थॉमस झाला. फोर्थवरील पुलाचीही पायाभरणी तोवर झाली होती. तीस वर्षांपूर्वी ज्या दोन नद्यांवर त्याने मालडबे जहाजातून पार केले, त्या दोन्हींवर आता त्याचे पूल असणार होते.

पुलाची देखभाल ज्या कर्मचाऱ्याकडे होती, तो मुळात विटकामातला माणूस होता. प्रवाहामुळे खांबांच्या पायाभोवतीची माती धुपून जाते की काय, यावर लक्ष ठेवणे हे त्याचे मुख्य काम आणि ते तो मनापासून करी. लोखंडकामाचा त्याला अनुभव नव्हता. ऑक्टोबर १८७८ मध्ये गाड्या जाताना काही तिरप्या पट्ट्या खडखडतात, हे त्याच्या कानांनी टिपले. सांधे सैल झाले होते. त्याने लोखंडाचे तुकडे आणून सांध्यांत पाचरीसारखे बसवले, खडखड थांबवली आणि ही गोष्ट बाऊचला कळवली नाही. सैल झालेल्या पट्ट्या ताणून मनोरा मूळ आकारात आणण्याऐवजी तो जसा कलला होता तसाच त्यामुळे पक्का झाला. गाड्या मर्यादेहून वेगाने जातात अशा प्रवाशांच्या तक्रारी होत्या. पूल रंगवणाऱ्या कामगारांना तो आडवा हलत असल्याचे जाणवत होते. या सर्व गोष्टी कोणाला ना कोणाला ठाऊक होत्या. एकत्र येऊन त्या एकाच्याही कानावर गेल्या नव्हत्या.

चौकशीसाठी तिघांचे न्यायासन नेमले गेले: जहाज अपघातांचे आयुक्त हेन्री रॉदरी, रेल्वेचे मुख्य निरीक्षक कर्नल योलंड आणि स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष विल्यम बार्लो. नदीतून काढलेल्या अवशेषांची लंडनमध्ये डेव्हिड कर्कल्डी यांच्या प्रयोगशाळेत चाचणी झाली. घडीव लोखंडाच्या पट्ट्या पुरेशा भक्कम होत्या; ओतीव कान मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी ताणाला तुटले. प्रत्यक्ष अपघातातही बहुसंख्य ठिकाणी हेच घडले होते. वाऱ्याने मनोऱ्याला ढकलले, एक कान तुटला, त्याचा भार शेजारच्या कानावर गेला, तोही तुटला. तिरप्या पट्ट्यांचा आधार सुटल्यावर उरले ते सुटे उंच नळखांब आणि त्यांच्या डोक्यावर जड तुळया.

बाऊचने साक्षीत आपली बाजू मांडली. वाऱ्याने शेवटचे डबे रुळांवरून घसरून तुळईवर आदळले आणि त्या धक्क्याने पूल पडला, असे त्याचे म्हणणे होते. वाऱ्यासाठी विशेष तरतूद केली नव्हती, हे मात्र त्याला मान्य करावे लागले. न्यायासनाने त्याचा युक्तिवाद स्वीकारला नाही. जून १८८० मध्ये आलेल्या अहवालांत तिघांचेही मूळ कारणावर एकमत होते: तिरप्या पट्ट्या आणि त्यांचे सांधे वादळाचा जोर सोसण्यास असमर्थ होते. योलंड आणि बार्लो यांनी दोषारोप करणे टाळले. रॉदरी यांनी स्वतंत्र अहवालात आराखडा, बांधणी आणि देखभाल या तिन्ही बाबतींत पूल सदोष होता असे ठरवून मुख्य जबाबदारी बाऊचवर टाकली. वाऱ्याच्या दाबाविषयी सरकारी नियमच नसताना एकट्या अभियंत्याला किती दोषी धरावे, यावरून तेव्हाही मतभेद झाले.

फोर्थवरील पुलाचे काम त्याच्याकडून गेले. टे पूल पुन्हा बांधण्याची त्याची योजना संसदेने स्वीकारली नाही. माँट्रोझ येथील त्याचा दुसरा पूल तपासणीत सदोष आढळला आणि नव्याने बांधावा लागला. बाऊचची प्रकृती खालावली. हवापालटासाठी तो स्कॉटलंडमधील मॉफट या गावी गेला आणि तेथेच ३० ऑक्टोबर १८८० रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. एडिंबरोच्या डीन स्मशानभूमीत त्याचे दफन झाले.

त्याच्यामागे उरलेला प्रश्न मात्र आता टाळता येण्याजोगा नव्हता. सरकारने नेमलेल्या समितीने १८८१ मध्ये वाऱ्याचा दाब दर चौरस फुटाला ५६ पौंड धरावा, अशी शिफारस केली. फोर्थ पुलाचे काम जॉन फौलर आणि बेंजामिन बेकर यांच्याकडे आले. बेकर यांनी नदीतील इंचगार्वी बेटावर एक लहान आणि एक ३०० चौरस फुटांचा फलक उभारून वर्षानुवर्षे वारा मोजला. मोठ्या फलकावरचा सरासरी दाब लहान फलकावरील दाबापेक्षा कमी भरतो, हे त्यातून दिसले. म्हणजे झोत सर्वत्र एकाच वेळी सारख्या जोराने आदळत नाही, हा एअरींचा विचार मुळात चुकीचा नव्हता. चूक होती ती आकड्यात आणि त्या आकड्यावर निर्धास्तपणे विसंबण्यात. ४ मार्च १८९० रोजी खुला झालेला फोर्थ पूल पन्नास हजार टनांहून अधिक पोलादाचा आणि पाय पसरून उभ्या असलेल्या महाकाय मनोऱ्यांचा आहे. आजही त्यावरून गाड्या धावतात.

एका आकड्याने प्रश्न कायमचा सुटला असे नाही. नोव्हेंबर १९४० मध्ये अमेरिकेतील टॅकोमा येथील झुलता पूल ताशी ४२ मैलांच्या, म्हणजे वादळ म्हणता येणार नाही अशा वाऱ्यात पिळवटून पडला. वाऱ्याच्या स्थिर दाबाचा हिशेब तेथे केलेला होता. वाऱ्यामुळे पूल स्वतःच हेलकावू लागेल आणि ते हेलकावे वाढत जातील, याचा नव्हता. तेव्हापासून मोठ्या पुलांच्या प्रतिकृती वातविवरात तपासण्याची पद्धत रूढ झाली. टे पुलाच्या बाबतीतही गाड्यांच्या ये-जा करण्याने आणि वाऱ्याने बसणाऱ्या हेलकाव्यांमुळे ओतीव कानांना आधीच सूक्ष्म भेगा गेल्या असाव्यात, असे मत अलीकडच्या काही अभ्यासकांनी मांडले आहे. पूर असो, भूकंप असो वा वादळ, संकट सहसा नवा दोष निर्माण करीत नाही. शांत दिवसांत झाकून राहिलेला दोष ते एका रात्रीत उघड करते. उभ्या भाराच्या कसोटीला उतरलेला पूल आडव्या भाराला टिकेलच असे नाही. एका सांध्याच्या तुटण्याने सारी रचना कोसळत असेल, तर तिची ताकद त्या सांध्याइतकीच असते. आणि पुलाचा खडखडाट ऐकू येणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ कळला नाही, अथवा तो सांगण्याची वाट नसली, तर तपासणीच्या नोंदी कितीही असल्या तरी उपयोग होत नाही.

टे नदीवरचा दुसरा पूल १८८७ मध्ये खुला झाला. जुन्या पुलाच्या शेजारीच, बार्लो आणि त्यांच्या मुलाच्या आराखड्यानुसार, रुंद आणि भक्कम खांबांवर तो उभारला गेला आणि आजही वापरात आहे. जुन्या पुलाच्या न पडलेल्या भागातील अनेक तुळया त्यात पुन्हा वापरण्यात आल्या. त्यांत काही खोट नव्हती. त्या रात्री गाडीसह नदीत पडलेले इंजिनही बाहेर काढून दुरुस्त करण्यात आले आणि १९१९ पर्यंत ते धावत होते. नव्या पुलाला समांतर, पाण्यातून थोडे वर आलेले जुन्या खांबांचे बुंधे अजून दिसतात. डंडीला जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून त्यांची रांग एकामागून एक सरकत जाते.